दाढांची वही: सशांच्या दातांच्या कामाच्या नोंदी (पुणे, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

१० जून २०२४

आजपासून ही वही. काम असं ठरलंय: दवाखान्यात येणारा प्रत्येक ससा, मग तो नुसती नखं कापायला आलेला का असेना, त्याचं तोंड तपासायचं, वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवायचं, आणि घरच्यांच्या हातात आठवड्याच्या वजनाची एक छोटी वही द्यायची. ससा आमच्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा "कालपासून काही खाल्लं नाही" म्हणून. तोवर दाताचं दुखणं कित्येक महिन्यांचं झालेलं असतं. रानात ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणं लपवतो. घरात आला म्हणून त्याची ती सवय जात नाही. वजन मात्र लपत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि त्यावर प्लॅस्टिकचा टब, एवढ्यावर भागतं.

तपासणीचा क्रम लिहून भिंतीवर लावला. आधी हात न लावता बघायचं: हनुवटी ओली आहे का, डोळ्यातून पाणी येतंय का, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेत का (तोंड आणि डोळे पुसून पुसून ते चिकटतात). मग खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवायचं. कड सरळ, गुळगुळीत लागायला हवी. उंचवटे लागले तर दाढांची मुळं हाडात खाली वाढतायत असं समजायचं. मग ओठ बाजूला करून पटाशीचे, म्हणजे अगदी पुढचे दात. शेवटी दाढा: कान तपासायचा ऑटोस्कोप ओठाच्या कोपऱ्यातून, पटाशी आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून आत सरकवायचा. शोधायचा तो काटा, म्हणजे दाढेच्या कडेचं वाढलेलं, टोचणारं टोक. ससा जागा असताना अशा तपासणीत बरंच काही सुटतं. त्यामुळे कार्डावर "काटा नाही" असं लिहायचं नाही, "काटा दिसला नाही" असं लिहायचं. हा नियम सगळ्यांसाठी.

१२ जून

कापूस. पांढरा, लाल डोळ्यांचा नर, तीन वर्षांचा. आजी आणि नातू घेऊन आले. वजन १,८४० ग्रॅम. आमच्याच जुन्या कार्डावर गेल्या वर्षी खच्चीकरणाच्या वेळचं वजन २,३१० आहे. पाचवा हिस्सा अंग गेलं आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण केस होते तेवढेच दाट आहेत. पाठीवरून हात फिरवला की मणका हाताला टोचतो.

आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, खातो तर सगळं! पोळी खातो, बिस्किट खातो. नुसतं गवत तेवढं सोडतो."

"आजी, गवत सोडलं तिथेच सांगितलं ना त्याने. पोळी गिळता येते, गवत दळावं लागतं. दाढ टोचत असेल तर दळणार कसं?"

हनुवटी ओली, गळ्याखालचे केस लाळेने चिकटलेले, त्याखाली कातडी लाल. शेपटीखाली मऊ लेंड्यांचा लपका. ससा या मऊ लेंड्या रोज थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, जीवनसत्त्वं त्यातून मिळवतो. तोंड दुखतं तेव्हा ते थांबतं आणि बूड घाण राहतं. पावसाळा तोंडावर आलाय. अशा ओल्या, घाण जागेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. बूड धुऊन, केस कापून, कोरडं केलं. उजवीकडे खाली काटा स्पष्ट दिसला. डावीकडे काटा दिसला नाही.

परवा सकाळी भूल देऊन काम करायचं. आजींनी विचारलं, रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना? नाही. कुत्र्या-मांजरासारखं सशाला उपाशी ठेवायचं नाही. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे ती भीती नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्याची हालचाल मंदावते आणि तेच जिवावर बेततं. भुलेच्या आधी तासभर समोरचं खाणं काढायचं, तेही तोंडात घास राहू नये एवढ्यापुरतं.

१४ जून

कापूसचं काम झालं. सविस्तर लिहिते, कारण नवीन मुलांनी हे वाचावं असं वाटतं.

ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी. तोंड उघडून आत अवजारं घातल्यावर छोटा मास्क नुसत्या नाकावर बसवला, त्यातूनच प्राणवायू आणि आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू. मान सरळ, डोकं किंचित वर. वरच्या-खालच्या पटाशींमध्ये तोंड उघडं धरून ठेवणारा गॅग, गालांना आतून फाकवणारा चिमटा, डोक्याला दिवा. सशाचं तोंड बाहेरून दिसतं त्याच्या मानाने आत फार अरुंद आणि खोल असतं. बोट जात नाही, नजर जेमतेम जाते.

जीभ लाकडी पट्टीने डावीकडे सारली आणि ते दिसलं. उजव्या खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची आतली कड वाढून आडवी झालेली, टोक जिभेत रुतलेलं. जिभेच्या कडेला पिवळट पांढरा व्रण, मधोमध खळगा, बरोबर त्या टोकाच्या मापाचा. डावीकडे तसाच पण छोटा काटा, जागेपणी न दिसलेला. वर दोन्ही बाजूंना गालाकडे वळलेल्या कडा. हे नेहमीचंच: खालच्या दाढांचे काटे जिभेकडे, वरच्यांचे गालाकडे. सशाचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून दळण्याची आडवी फेरी पुरती झाली नाही की कडा या दिशांना न झिजता राहतात.

दात घासायचा सरळ लांब हँडपीस, बाजूने गार्ड, कमी वेग. बर, म्हणजे त्याचं फिरणारं टोक, दातावर दोन-तीन सेकंद टेकवायचा, उचलायचा, ओल्या कापसाने गार करायचं, पुन्हा. सलग टेकवला तर उष्णतेने आतला गर भाजतो. काढायचा तो फक्त काटा आणि जास्तीची उंची. दाढेचा माथा सपाट गुळगुळीत करायचा नाही. त्यावरच्या आडव्या धारांनीच गवत दळलं जातं. सपाट केलेल्या दाढांनी ससा कित्येक दिवस काहीच चावू शकत नाही.

शुद्धीवर येताना गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना. वेदनाशामक मेलोक्सिकॅम आधीच दिलेलं, घरीही चालू राहील. दुपारी भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या खाद्याच्या गोळ्यांची) पातळ पेस्ट सिरिंजने, ओठाच्या बाजूने, थोडी थोडी. समोरून घातली तर श्वासनलिकेत जायची भीती.

१५ जून

कापूसच्या पिंजऱ्यात सकाळी लेंड्या. लहान आहेत, पण गोल आणि कोरड्या. दुपारी कोथिंबिरीच्या काड्या स्वतःहून ओढल्या. घरी सोडला.

२० जून

आजच्या बैठकीसाठी काढलेलं टिपण इथे ठेवते.

सशाला एकूण २८ दात. वर पटाशीचे चार: पुढे दोन मोठे आणि त्यांच्या मागे चिकटून दोन बारके खुंटीसारखे. खाली दोन. सुळे नाहीत. उपदाढा वर सहा, खाली चार. दाढा वर सहा, खाली सहा. मागच्या त्या दोन बारक्या दातांमुळे ससा उंदीर-घुशींच्या गणात बसत नाही; १९१२ साली गिडली या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशांचा गण वेगळा काढला. पालकांना एवढं सगळं सांगायची गरज नाही, पण "उंदराच्या जातीचाच ना, लाकूड दिलं की दात झिजतात" हे ऐकलं की सांगावं लागतं. लाकूड कुरतडून पटाशी झिजते. दाढांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

सगळेच्या सगळे दात जन्मभर वाढतात. पटाशी आठवड्याला साधारण २ ते ३ मिमी, दाढा महिन्याला साधारण ३ मिमी. म्हणजे झीज थांबली तरी वाढ थांबत नाही. झीज होते ती दात दातावर आणि गवतातल्या सिलिकावर घासून, जात्यासारख्या आडव्या फेरीने. गवत खाताना मिनिटाला शंभरच्या वर फेऱ्या होतात. मका, बिया, बिस्किट यांना ससा वरून खाली दाबून चिरडतो. फेरी होत नाही, आणि पोट लवकर भरल्यामुळे चावण्याचे तासच कमी होतात.

आणि जे वर झिजत नाही ते खालीही वाढतं. समोरच्या दाढेने रोखलेला दात मुळाकडून हाडात ढकलला जातो. खालच्या जबड्यात उंचवटे येतात ते यामुळे. वर ती मुळं अश्रुनलिकेवर आणि डोळ्याच्या खोबणीवर दाब देतात. तोंडात दिसतो तो काटा कापून मोकळं व्हायचा मोह होतो, पण खरा आजार हाडाच्या आत चाललेला असतो. पहिल्या वेळीच एक्स-रे काढायचा, तो यासाठी.

कारणांबद्दल दोन मतं आहेत. एक झिजेचं. दुसरं हाडाचं: ब्रिटनमधल्या पशुवैद्य फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी १९९६ पासून मांडलेलं, की निवडून-निवडून बिया खाणाऱ्या, उन्हात न जाणाऱ्या सशांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं, जबड्याचं हाड मऊ होतं आणि दात जागचे हलून वाकडे वाढतात. माझ्या मते आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या सशांना दोन्ही लागू पडतं. एडिनबर्गला ३२ सशांना १७ महिने चार वेगवेगळ्या आहारांवर ठेवून पाहिलं, त्यात नुसत्या मिश्र बियांवरच्या सशांच्या दातांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. दोन्ही मतांचं औषध एकच: भरपूर गवत, बियांची रंगीत पाकिटं बंद, सकाळचं कोवळं ऊन, आणि तेही काचेआडून नको. काचेतून ड जीवनसत्त्वाचे किरण येत नाहीत.

३ जुलै

बुट्टी. बुटक्या जातीची, पडक्या कानांची, आठ महिन्यांची मादी. खालची पटाशी वरच्याच्या पुढे येऊन बाहेर वळलीय, वरची आत टाळूकडे गोल फिरलीय. हे आहाराचं नाही, जन्माचं. चपट्या तोंडाच्या जातींमध्ये वरचा जबडा आखूड राहतो आणि पटाशी एकमेकींवर बसतच नाही. हा दोष वारशाने जातो, म्हणून बुट्टीची पिल्लं काढायची नाहीत हे तिला पाळणाऱ्या ताईंना आजच सांगितलं.

घरी नेलकटरने कापत होते. वरच्या एका दाताला उभी चीर गेलीय, हिरडीपर्यंत. कटरने दात कापला की तो आडवा तुटत नाही, उभा चिरतो. चिरेतून गर उघडा पडतो, जंतू आत जातात, वर मुळापाशी गळू होतं. ताईंचे डोळे भरून आले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पहिल्यांदा कुणी नेलकटर दाखवला तेव्हा तोच सोपा वाटणार.

डायमंड चकती लावून दोन्ही जोड्या कमी केल्या. टॉवेलात गुंडाळून, भूल न देता. शांत सशाला चालतं. चकतीमागे ओठ आणि जीभ सांभाळायला पट्टी धरली. वाढलेल्या दातात गरही पुढे सरकलेला असतो, म्हणून अगदी हिरडीलगत जायचं नाही. दर चार-पाच आठवड्यांनी हे लागेल. कायमचा उपाय म्हणून सगळ्या पटाशी काढण्याबद्दल आजच बोलून ठेवलं. वय वाढेल, दाढांचा एक्स-रे बघू, मग ठरवू.

१९ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. गवताचं पोतं उघडलं तर कुबट वास, मधल्या थरात पांढरी बुरशी. अख्खं पोतं फेकलं. बाहेरच्या देशातून येणारं टिमोथी गवत चांगलं असतं पण महाग, आणि महाग म्हटलं की घरचे ते मूठ-मूठ देतात. सशाला दिवसभर समोर ढीग हवा. त्याच्या अंगाएवढा, असं मी सांगते. तेव्हा इथलंच गवत शोधायला हवं.

देवळासमोर गाईसाठी घासाच्या पेंढ्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडून बरेच जण हिरवा लसूणघास नेतात. तो वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, मूत्राशयात गाळ साठतो. भाताचा पेंढा अंथरायला उत्तम, पोषणाला कमी. मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळ्याचा पाला रोज थोडा थोडा चालेल. पण पाला पटकन संपतो, त्याने चावण्याचे तास भरत नाहीत.

कापूस आज १,९७० ग्रॅम. आजींनी वहीत वजनाशेजारी स्वतःचा एक रकाना आखलाय: "सकाळी आधी काय खाल्लं". तो आता छापील वहीत घेतला. ससा सकाळी उठून आधी कशाकडे जातो यावरून दाढेची अवस्था वजनाच्याही आधी कळते.

८ ऑगस्ट

संध्याकाळी फोन. हनुवटीखाली गाठ आलीय, घरात मुलाचं अमॉक्सिसिलिन सिरप शिल्लक आहे, वजनाच्या हिशेबाने देऊ का?

देऊ नका. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन सशाला कधीही द्यायचं नाही. मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो, त्याच्या विषाने जुलाब होऊन ससा दगावतो. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून सशाला चालत नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात छापायचं. उद्या सकाळी बोलावलंय.

९ ऑगस्ट

गाठ लिंबाएवढी, कठीण, जबड्याला चिकटलेली. सशाचा पू घट्ट, दह्याच्या चक्क्यासारखा. चीर देऊन पिळला तरी वाहत नाही. आवरणासकट गाठ काढावी लागते आणि सोबत कारणीभूत दाढही. एक्स-रेत खालची पहिली दाढ मुळाशी कुजलेली. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. तोवर सशाला चालणारं प्रतिजैविक आणि वेदनाशामक.

२७ ऑगस्ट

मोती. करड्या रंगाचा, सात वर्षांचा. आला तो डोळ्यासाठी. डावा डोळा सतत वाहतो, कोपऱ्यात पांढरा चिकट स्राव, गालावरचे केस गळून ओली पट्टी झालेली. घरी डोळ्यात थेंब चालू होते. थेंब असेपर्यंत बरं वाटतं, थांबले की पुन्हा तेच.

सशाच्या डोळ्याला अश्रू वाहून नेणारं छिद्र एकच, खालच्या पापणीच्या आत. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून तिथून कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घातली आणि सलाईन सोडलं. नाकातून यायला हवं होतं, आलं नाही. हलका दाब दिल्यावर पांढऱ्या गुठळ्यांसकट दोन थेंब आले. नलिका पटाशीच्या मुळाला अगदी खेटून जाते. एक्स-रेत मूळ मागे वाढून नलिकेवर आलेलं स्पष्ट दिसतं, आणि वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी टेकलेली. खालच्या जबड्याची कड उंचवट्यांनी भरलेली. तोंडात मात्र एकही मोठा काटा नाही.

मोतीच्या घरच्यांना, नवरा-बायको दोघांना, एक्स-रे पडद्यावर लावून दाखवला. हे बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे. नलिका अधूनमधून धुणं, वेदनाशामक कायम, मऊ हिरवा चारा, दर आठवड्याला वजन. दोघांनी शांतपणे ऐकलं. काकांनी विचारलं, "त्याला दुखतंय का आत्ता?" हो. आणि आजपासून कमी दुखेल.

९ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. बाजारात दूर्वा ढिगाने. हरळी सशाला मनापासून आवडते, धागेदार आहे, ती खाताना दाढांची आडवी फेरी छान होते. कापूस अख्खी जुडी एका बैठकीत संपवतो, असं आजी सांगतात. एक सूचना सगळ्यांना पाठवली: ताजी दूर्वा धुऊन, निथळून द्या. देवाला वाहिलेली देऊ नका; त्यावर कुंकू, गुलाल, अत्तर असतं. आणि मोदकाचा तुकडा "प्रसाद म्हणून" तर मुळीच नको.

कापूस २,१२० ग्रॅम.

६ ऑक्टोबर

मुळशीकडच्या एका शेतकरी दादांच्या बांधावर आणि माळावर गवत बघून आले. मारवेल फुलोऱ्यावर आहे. याच वेळी कापलं तर पात मऊ आणि धागा भरपूर. पवन्याही चांगला. कुसळी गवत मात्र वेगळं काढायला सांगितलं. एक तुरा हातात घेऊन दादांना दाखवला: बियांच्या टोकाला अणकुचीदार सुई, तिच्यावर उलटे केस, मागे लांब पिळदार शेपूट. ओल लागली की शेपूट पीळ सोडतं आणि सुई आत-आत शिरत जाते. मेंढ्यांच्या कातडीत घुसते ती हीच. सशाच्या तोंडात शिरली तर हिरडीत, जिभेखाली, कुठेही जाऊन बसते आणि तिथे पू धरतो.

दादा म्हणाले, "म्हशीला एवढं कोण निवडतं ताई! पण तुमच्या सशांसाठी बायकांना सांगतो, कुसळी धरायच्या आधीच कापून घेऊ." ठरलं. कापून दोन दिवस उन्हात परतायचं, मग सावलीत. रंग हिरवट राहिला पाहिजे, वास यायला हवा, हातात चुरल्यावर कुडकुड आवाज यायला हवा. पूर्ण वाळल्याशिवाय पेंढ्या बांधायच्या नाहीत.

२ नोव्हेंबर

फटाक्यांनी घाबरून खाणं सोडलेले ससे येतायत. ज्यांच्या दाढा आधीच दुखतात ते आधी कोसळतात. बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. पोट फुगलेलं नसेल तर पातळ पेस्ट, पाणी, वेदनाशामक. पोट टणक फुगलं असेल तर घरी जबरदस्तीने काही भरवायचं नाही, आधी दवाखाना.

१४ नोव्हेंबर

आजींच्या वहीत तीन आठवडे वजन जागच्या जागी: २,१९०, २,१९०, २,१८०. आणि "सकाळी आधी काय खाल्लं" मध्ये गवताऐवजी कोथिंबीर. हनुवटी कोरडी, लाळ नाही, बाहेरून काही नाही. भूल देऊन बघितलं तर उजवीकडे पुन्हा काटा, जेमतेम मिलिमीटरभर. जिभेवर लाल रेघ, व्रण अजून झालेला नाही. पाच मिनिटांचं काम झालं. संध्याकाळी घरी जाऊन कापूस गवतावर बसला, असा आजींचा निरोप.

वहीचं मोल मला आज कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. जूनमध्ये हाच ससा ४७० ग्रॅम गमावून आला होता. आज दहा ग्रॅमवर आला.

५ डिसेंबर

बुट्टीच्या पटाशी काढल्या, सहाच्या सहा. एक्स-रेत दाढा सरळ होत्या, म्हणून हा निर्णय घेता आला. दाढाही बिघडलेल्या असत्या तर पटाशी काढून फारसा उपयोग झाला नसता. सशाची पटाशी कमानीसारखी वाकलेली असते, ओढून निघत नाही. त्याच वळणाच्या पातळ अवजाराने चारी बाजूंचा बंध हळूहळू तोडत जायचं, दात त्याच्या कमानीनेच बाहेर येतो. निघाल्यावर टोकाशी असलेल्या वाढीच्या ऊती खरवडून काढायच्या. त्या राहिल्या तर दात पुन्हा येतो. दोन महिन्यांनी एक्स-रे काढून खात्री करायची.

९ डिसेंबर

बुट्टी ओठांनी खातेय. मेथीची पानं ओठांत धरून आत ओढते, दाढांवर नेते, दळते. गाजर, भाजी यापुढे बारीक चिरून. अंग चाटताना केस विंचरायला पटाशी लागायची, ते आता ताईंना कंगव्याने करावं लागेल. दर महिन्याची चकती सुटली.

१६ जानेवारी २०२५

मोती. डाव्या डोळ्यामागे गळू. डोळा बाहेर आलाय, पापणी मिटत नाही. सीटी स्कॅनमध्ये वरच्या दोन दाढांच्या मुळांपासून सुरू झालेला पू खोबणी भरून आहे आणि उजवीकडेही सुरुवात दिसते. डोळा काढून, दाढा काढून, जखम उघडी ठेवून रोज धुवायची, असा एक रस्ता असतो, तरुण सशात तो मी सुचवते. मोती सात वर्षांचा, वजन १,४६०, दोन्ही बाजूंची मुळं बिघडलेली. काका-काकूंना सगळं सांगितलं, एकही गोष्ट मऊ न करता.

१८ जानेवारी

मोतीला आज दयामरण दिलं. आधी भूल, मग इंजेक्शन. काकूंच्या मांडीवर. त्यांच्या वहीत ऑगस्टपासूनचं एकही वजन चुकलेलं नाही. नोव्हेंबरपर्यंत तो स्थिर होता, खात होता, गॅलरीत उन्हाला पाय पसरून पडायचा; वेदनाशामकाने ते महिने मिळाले. पण त्याआधी, दुखणं दाढांच्या मुळांत पुढे जात असताना, नुसत्या डोळ्याच्या थेंबांवर त्याचे महिने गेले, याचं वाईट वाटतं. आता नियम: सशाचा डोळा महिनाभरात थेंबांनी सुकला नाही तर डोक्याचा एक्स-रे, विचारायचं नाही.

१२ फेब्रुवारी

बुट्टीचा एक्स-रे: सहाही जागा रिकाम्या, हाड भरतंय. खालच्या डाव्या जागी एक बारीक ठिपका आहे. दाताचा अंश असू शकतो. एप्रिलमध्ये पुन्हा बघू.

मुळशीच्या दादांकडून ओटाचं (ओट्स या धान्याच्या पिकाचं) पहिलं वाळलेलं गवत आलं, फुलोऱ्यावर कापलेलं, गोडसर वासाचं. मारवेलला नाक मुरडणारे ससेही यावर तुटून पडले. दोन्ही मिसळून द्यायचं ठरलं.

२४ फेब्रुवारी

कापूस २,२८० ग्रॅम. पुढची भुलेखालची तपासणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, वहीत काही दिसलं तर त्याआधी.

मार्चपासून ऊन वाढेल. तीसच्या वर पारा गेला की सशाला उष्म्याचा त्रास होतो, खाणं कमी होतं, भूलही जोखमीची. दातांची कामं मे अखेरपर्यंत सकाळी आठलाच लावायची आणि ससा घरून येताना टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवायला सांगायचं. पावसाळ्याआधी गवताचा साठा माळ्यावर, जमिनीपासून वर, फळ्यांवर. मुळशीच्या दादांना या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच फोन करायचा, कुसळी तुऱ्यावर यायच्या आत. नव्या वह्या छापायला दिल्या. या खेपेला पहिल्या पानावर प्रतिजैविकांची सूचना आणि आजींचा रकाना दोन्ही आहेत.